उत्तरेकडून उतरलेली वाट : घानातील सांस्कृतिक प्रवासमार्गाचा इतिहास

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात सांस्कृतिक सहलीचा जो मार्ग आज रूढ झाला आहे, तो राजधानी अक्रा येथून निघतो, किनाऱ्याने पश्चिमेकडे जात केप कोस्ट आणि एल्मिना ही किल्ल्यांची गावे गाठतो, तेथून अरण्यपट्ट्यातील कुमासीकडे वळतो आणि हाताशी दिवस उरले तर उत्तरेच्या गवताळ प्रदेशातील टमाले व लाराबांगा पाहून विमानाने अक्रा येथे परततो. परदेशी प्रवासी विमानतळावर उतरतो तो अक्रामध्येच, त्यामुळे हा क्रम सोयीचा आहे. मात्र इतिहास या क्रमाने घडलेला नाही. ज्या वाटेने प्रवासी आज उत्तरेकडे चढतो, त्याच दिशेची वाट कित्येक शतके माल आणि माणसे घेऊन उलट उतरत होती, आणि तिचे उत्तरेकडील टोक सागराकडील टोकापेक्षा जुने आहे.

या भूमीचे सोने अरण्यात आणि नद्यांच्या वाळूत सापडत असे, पण त्याची मोठी गिऱ्हाइके सहारा वाळवंटाच्या पलीकडे होती. मांदे भाषा बोलणारे मुस्लिम व्यापारी अरण्याच्या उत्तर सीमेवरील बेघोसारख्या पेठांमध्ये वस्ती करून राहत आणि तेथून सोने व कोला नायजर नदीकाठच्या जेन्ने या नगराकडे धाडत. कोला म्हणजे अरण्यात वाढणाऱ्या एका झाडाचे तुरट, तरतरी आणणारे बी. मद्य निषिद्ध असलेल्या मुस्लिम समाजात पाहुण्यापुढे ठेवण्याची वस्तू म्हणून त्याला मोठा मान होता. या व्यापाराबरोबर धर्म, लेखनविद्या आणि बांधकामाची एक रीतही दक्षिणेकडे सरकली. लाराबांगा येथील चुन्याने पांढरी केलेली मातीची मशीद त्याच रीतीची आहे : तिच्या भिंतींतून लाकडी वासे बाहेर डोकावतात, भिंतीला बळकटी देतात आणि पावसाळ्यानंतर नव्याने लिंपण करणाऱ्या कारागिरांना पाय ठेवायला जागा देतात. समुद्र हे त्या काळी या प्रदेशाचे परसदार होते. दिंडीदरवाजा उत्तरेला होता. सहलीचे दिवस कमी पडले की सर्वांत आधी उत्तरेलाच कात्री लागते, आणि त्यामुळे प्रवाशाच्या मनात घानाचा इतिहास युरोपीय गलबतांपासून सुरू होतो, हा या रूढ मार्गाचा खरा दोष होय.

परसदार पुढे कसे आले, हे एल्मिना येथे दिसते. १४८२ साली दियोगो द आझांबुजा याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगिजांनी तेथे, बराचसा घडीव दगड मायदेशाहून जहाजांतून आणून, साओ जॉर्ज द मिना हा किल्ला बांधला. गोवा त्यांच्या हाती पडण्याच्या अठ्ठावीस वर्षे आधीची ही घटना आहे, आणि हिंदी महासागराकडे निघण्यापूर्वी पोर्तुगीज राजसत्तेला ज्या धनाने बळ दिले, त्यात मिनाच्या सोन्याचा वाटा मोठा होता. प्रारंभीच्या काळात हा किल्ला गुलामांच्या निर्यातीचा नव्हता, हे विसरले जाते. उलट पोर्तुगीज बेनिनच्या बाजूने गुलाम आणून एल्मिनाला येणाऱ्या सोन्याच्या व्यापाऱ्यांना विकत, कारण त्यांना माल अरण्यापार नेण्यासाठी हमाल हवे असत. १६३७ मध्ये डच कंपनीने हा किल्ला जिंकला आणि १८७२ मध्ये तो ब्रिटिशांच्या स्वाधीन झाला. शेजारच्या केप कोस्ट येथे स्वीडिश कंपनीने १६५३ मध्ये ठाणे घातले, ते पुढच्या दशकात इंग्रजांकडे गेले. अक्राच्या ओसू भागात डेन्मार्कने ख्रिश्चन्सबोर्ग उभारला. अमेरिका खंडातील उसाच्या मळ्यांची मागणी वाढत गेली, तसे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या किल्ल्यांच्या तळघरांत सोन्याच्या जागी माणसे कोंडली जाऊ लागली. त्यांच्या मोबदल्यात बंदुका, दारू आणि कापड येई, आणि त्या कापडात सुरतेसारख्या बंदरांतून युरोपमार्गे गेलेल्या हिंदी सुती मालाचा भरणा लक्षणीय होता.

किनारा आणि उत्तर यांच्यामध्ये कुमासी बसलेले आहे, आणि या नगराचे सामर्थ्य याच बसण्यात होते. ओसेई टुटू या राजाने, ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताच्या साहाय्याने, असांते टोळ्यांचा संघ बांधला आणि १७०१ मध्ये किनाऱ्याची वाट अडवून असलेल्या डेंचिरा राज्याचा पाडाव केला. परंपरेनुसार अनोक्येने आकाशातून उतरवलेले सुवर्णासन हे संपूर्ण असांते जनतेच्या आत्म्याचे निवासस्थान मानले जाते. त्यावर राजासुद्धा बसत नाही. कुमासीहून चारी दिशांना राजमार्ग निघत, त्यांवर पहारे असत, आणि उत्तरेतील गोंजा व दागोंबा राज्यांकडून खंडणीच्या रूपाने आलेले बंदी याच मार्गांनी दक्षिणेस जात. १८१७ मध्ये टॉमस बाउडिच हा इंग्रज दूत एप्रिल महिन्यात केप कोस्टहून निघाला, तो मे महिन्यात कुमासीला पोचला. आज तेवढे अंतर मोटारीने काही तासांत कापले जाते. दरबारातील सोन्याचे अलंकार, भव्य छत्र्या आणि अरबी लिहिणारे मुस्लिम पाहून तो थक्क झाला होता.

त्या कुमासीचे फार थोडे आज उभे आहे. १८७४ मध्ये वुल्झलीच्या ब्रिटिश सैन्याने राजवाडा लुटून सुरुंगाने उडवला आणि नगर जाळले. १८९६ मध्ये राजा प्रेम्पे पहिला याला पकडून नेऊन पुढे सेशेल्स बेटांवर हद्दपार केले. आणि १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने सुवर्णासनच मागितले, तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही. प्रेम्पे १९२४ मध्ये परतला. जुनी असांते वास्तुकला पाहायची तर शहराबाहेरच्या खेड्यांतील देवघरांकडे जावे लागते. उठावदार नक्षीने मढवलेल्या मातीच्या भिंतींच्या या मोजक्या वास्तू १९८० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. लुटीतील काही सुवर्णवस्तू २०२४ मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी कुमासीच्या मान्हिया राजवाडा संग्रहालयात पाठवल्या, पण त्या उसन्या म्हणून. मालकाला त्याचीच वस्तू मुदतीवर देण्याचा हा व्यवहार कायद्याला धरून असेल, न्यायाला धरून आहे असे म्हणणे कठीण आहे. विणकामाची परंपरा मात्र अखंड राहिली. बॉन्विरे गावी केंटे हे राजवस्त्र आजही अरुंद पट्ट्यांत विणून मग पट्टे जोडून तयार करतात. पूर्वी त्यासाठी आयात केलेले रेशमी कापड उसवून त्याचा धागा वापरला जाई, म्हणजे किनाऱ्यावरचा व्यापार त्या मागावरही पोचलाच होता.

प्रवासमार्गाला आजचा आकार विसाव्या शतकाने दिला. १९०३ मध्ये किनाऱ्यावरील सेकोंडीहून कुमासीपर्यंत लोहमार्ग पोचला, तो खाणींसाठी आणि नंतर कोकोसाठी. उत्तरेचा प्रदेश या जाळ्याबाहेरच राहिला. ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच्या आदल्या दिवशी अक्रामध्ये राष्ट्रीय संग्रहालय उघडले. किल्ले १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरले, आणि १९९० च्या दशकात केप कोस्ट व एल्मिना येथील डागडुजीवरून वाद पेटला : अमेरिकेतील कृष्णवर्णीय यात्रेकरूंना चुन्याने उजळलेल्या भिंती आपल्या पूर्वजांचे हाल झाकणाऱ्या वाटल्या, तर स्थानिकांना किल्ला हा गावच्या अनेक शतकांच्या जीवनाचा, उत्पन्नाचाही, भाग वाटत होता. १९९८ मध्ये दोन गुलामांचे अवशेष समुद्रापलीकडून आणून, बंद्यांना किनाऱ्याकडे नेताना जेथे अखेरचे स्नान घालत त्या अस्सिन मान्सो येथील नदीकाठी पुरण्यात आले. २०१९ हे अशा गुलामांच्या वंशजांसाठी ‘परतीचे वर्ष’ म्हणून साजरे झाले, आणि त्यानंतर किनाऱ्याचा टप्पा या मार्गाचा गाभा बनला.

प्रवासाची आखणी करणाऱ्याने म्हणूनच अक्राहून प्रथम विमानाने टमाले गाठावे आणि तेथून लाराबांगा, कुमासी, अस्सिन मान्सो व केप कोस्ट या क्रमाने खाली उतरावे, म्हणजे वाट तिच्या मूळ दिशेने कळते. तिथी ठरवताना कुमासीला अग्रक्रम द्यावा लागतो. असांते कालगणनेतील अक्वासिदाए हा राजदरबाराचा सोहळा दर ४२ दिवसांनी रविवारी येतो आणि त्या दिवशी असांतेहेने, म्हणजे असांते राजा, मान्हिया येथे लोकांसमोर बसतो. अक्रातील गा समाज होमोवो सणापूर्वी सुमारे महिनाभर ढोलवादन बंद ठेवतो, तेव्हा मे-जूनमध्ये तेथे वाद्यांची अपेक्षा धरू नये. उलट एल्मिनाचा बाकातुए जुलैच्या पहिल्या मंगळवारी आणि केप कोस्टचा फेतू अफाहये सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी असतो. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हरमॅटन हा सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा उत्तरेचे आकाश झाकोळून टाकतो, तरी रस्ते याच महिन्यांत सर्वांत भरवशाचे असतात.