पाण्यातले आर्सेनिक: न दिसणारे विष कसे सापडले?

आर्सेनिकचे विष, म्हणजे आपला सोमल, पाण्यात मिसळले तर रंग, वास, चव काहीच कळत नाही. १८३६ साली जेम्स मार्श या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते ओळखण्याची खात्रीची चाचणी दिली. नमुन्यात जस्त व आम्ल घालून निघणारा वायू जाळला की थंड चिनी मातीवर काळा चकचकीत डाग पडे.

१९२२ मध्ये प्राग येथे यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी विजेच्या साहाय्याने द्रावणातले पदार्थ ओळखण्याची पद्धत शोधली. त्यासाठी त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले.

मात्र जिथे तपासणीची खरी गरज होती, तिथे ती झालीच नाही. तळ्यांच्या पाण्यातून होणारे जुलाब, कॉलरा टाळण्यासाठी १९७० च्या दशकात बांगलादेशात असंख्य हातपंप बसवले गेले. जंतू टळले, पण भूजलातले आर्सेनिक पोटात गेले. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या त्वचेवरील डागांवरून हा आजार ओळखला. म्हणजे पाण्याआधी माणसांचीच तपासणी झाली!

आजच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण असतात. त्यांवर आर्सेनिक साचते. ते पुन्हा सुटताना वाहणारी वीज मोजली की प्रमाण कळते. तुमचा ग्लुकोमीटरही याच कुळातला.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. लक्षात ठेवा, पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. ते तपासावेच लागते.