खर्चाच्या वहीतलं लुगडं : गिरणगाव आणि नीटनेटकेपणाचा इतिहास

आज आपण गिरणगावातल्या चाळीच्या खोलीत शिरणार आहोत, आणि तेही एकाच प्रश्नासाठी. हातात पैसा बेताचा, जागा एका खोलीची, घरात खाणारी तोंडं चार-पाच. मग ही माणसं बाहेर पडताना इतकी नीटनेटकी कशी दिसायची? जुने फोटो आठवा. धुवट सदरा, कोट, डोक्याला टोपी. बायकांची लुगडी चापूनचोपून नेसलेली. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं, 'पूर्वीची माणसं काटकसरी होती हो!' एवढं म्हटलं की विषय संपतो. आम्हाला वाटतं, विषय तिथेच सुरू होतो.

सुरुवात एका कोरड्या कागदापासून करू. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं शहरातल्या कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या कचेरीचे प्रमुख. अहवाल १९२३ मध्ये छापून आला. २,४७३ कुटुंबं आणि एकटे राहणारे ६०३ पुरुष, एवढ्यांचा महिन्याचा हिशेब त्यात आहे. कुटुंबाचं सरासरी उत्पन्न महिना ५२ रुपये ४ आणे ६ पै. शंभरातली ९७ कुटुंबं एका खोलीत राहणारी. ४७ टक्के कुटुंबं कर्जात. आणि कर्जाचा सर्रास दर काय? रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किती किरकोळ वाटतं! बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे वर्षाला ७५ टक्के व्याज झालं.

त्या अहवालातलं एक वाक्य पुढे फार गाजलं. त्याचा मतलब असा की, मुंबईच्या कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळी कामांच्या नियमात ठरवलेल्या प्रमाणाइतकं भरतं, पण तुरुंगाच्या नियमपुस्तकात कैद्याला जेवढं सांगितलंय त्यापेक्षा कमी. सरकारी अधिकाऱ्यानं सरकारी अहवालात हे लिहावं, याचं तेव्हाही लोकांना नवल वाटलं.

पण आम्ही आज थांबतोय ते दुसऱ्याच आकड्यांपाशी. शंभर रुपये खर्च धरला तर त्यातले ५६.८ पोटाला. जळण आणि दिवाबत्ती ७.४. घरभाडं ७.७. आणि कपडालत्ता ९.६.

बघा हं. डोक्यावरच्या छपरापेक्षा अंगावरच्या कपड्यावर जास्त खर्च. जो माणूस कैद्यापेक्षा कमी जेवतो, तो भाड्यापेक्षा जास्त पैसे कापडाला घालतो. हिशेबाची वही नुसती वाचणारा म्हणेल, चैन दिसतेय.

काही कारणं साधी आहेत, ती आधी उरकून टाकू. पहिल्या महायुद्धानंतर कापड भयंकर महागलं होतं. भाडं कमी दिसतं ते एका खोलीत दाटीवाटीनं राहिल्यामुळे; जागेचा खर्च माणसं आपल्या अंगाच्या अवघडलेपणानं भरत होती. शिवाय सण, लग्नकार्य, आणि गणपती-शिमग्याला गावी जाणं. मुंबईचा चाकरमानी फाटक्या सदऱ्यात गावच्या वाटेला लागला, तर त्याच्या बापाला पारावर बसायची चोरी. एवढं सगळं धरलं तरी आमच्या मते पुरं उत्तर मिळत नाही. बाकीचं उत्तर शोधण्याआधी, तो एक कपडा किती दिवस आणि कसा चालवायचे ते बघायला हवं.

नऊवारी लुगडं घ्या. ते सगळीकडे सारखं विरत नाही. काठ शेवटपर्यंत दणकट राहतो, बसण्या-उठण्याच्या जागी अंग आधी जातं. मग बाई काय करायची? विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे मध्ये शिवून जोडायचे. याला म्हणायचे दंड घालणे. दंड घातलेलं लुगडं नेसणं ही गरिबीची खूण होतीच, पण नेसणारी तो जोड अशा बेतानं निऱ्यांत आत घ्यायची की बाहेरून कळू नये. ही कला कुठल्या पुस्तकात नाही, ती आईकडून लेकीकडे गेली. दंडाचं लुगडंही संपलं की त्यातून चोळ्या, पोरांची झबली, टोपरी, दुपटी. मग उरलेल्या चिंध्या थराथरानं गोधडीत. देशावरच्या बायका तिला वाकळ म्हणतात. आणि जे गोधडीलाही नको ते हात पुसायला, चूल सारवायला. चांगल्यातलं एखादं जुनेर बोहारणीपुढे जायचं; मग एका पातेल्यावरून अर्धा तास घासाघीस. या व्यवहारात बोहारीण जास्त हुशार की घरची बाई, हा प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही.

पुरुषांचंही तसंच. सदऱ्याची कॉलर मानेपाशी झिजली की शिंप्याकडून ती उसवून उलटी करून घ्यायची, म्हणजे झिजलेली बाजू आत. कोपराला ठिगळ असेल तर वरून कोट. साच्यावर काम करताना चड्डी-बंडी, अंगभर कापसाचे तंतू. बाहेर पडताना मात्र अंग झटकून, तोंड धुऊन सदरा-टोपी. घडी रात्री वळकटीखाली दाबून ठेवायची, सकाळी इस्त्री केल्यासारखी. खरीच इस्त्री हवी असेल तर पितळी तांब्यात निखारे घालून तो फिरवायचा. चांगला एक जोड ट्रंकेत, 'ठेवणीतला'. मंडळी, हा शब्द नीट ऐका. रोजच्या वापराचा नाही, टाकलेला तर नाहीच. लग्न, सभा, साहेबाची भेट, कोर्ट, दवाखाना, गावाचा प्रवास, एवढ्यासाठी राखलेला.

आणि हे सगळं कोण सांभाळत होतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चाळीचा नळ सार्वजनिक, पाणी ठरावीक वेळेला. भोंगा व्हायच्या आत नळावर नंबर लावायचा, कपडे धुवायचे, नीळ द्यायची, एकाच खोलीत दोरीवर वाळत घालायचे. पावसाळ्यात तर चुलीच्या धगीवर. नवरा नीटनेटका दिसायचा तो बायकोच्या झोपेतून. त्यातल्या बऱ्याच जणी स्वतःही वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यात दिवसभर उभ्या असायच्या. त्यांच्या या श्रमाला खर्चाच्या वहीत रकाना नव्हता.

आता जरा गिरणीच्या आत जाऊ, कारण इथे एक विचित्र गोष्ट आहे. कापड विणणाऱ्याच्या घरी कापड येण्याची एक वाट दंडाची होती. ताका खराब निघाला, डाग पडला, धागा तुटलेला दिसला, की बऱ्याच गिरण्यांत तो ताका विणणाऱ्याच्याच गळ्यात मारायचे आणि किंमत पगारातून कापायचे. दोष कधी त्याचा, कधी हलक्या सुताचा, कधी साच्याचा. पैसे मात्र त्याचे. तो ताका विकायला हिंडणं हा त्याचा आणखी एक न मागितलेला धंदा. नाहीच विकला तर पोरांचे सदरे शिवायचे. पगारातल्या या कापाकापीवर ओरड वाढत गेली, रॉयल कमिशनपुढेही ती गेली, आणि १९३६ साली पगार देण्याबाबतचा कायदा झाला तेव्हा असल्या कपातींना काही लगाम बसला. तोवर मुंबईत असेही सदरे दिसत होते, जे दंड म्हणून अंगावर आले होते.

पण हा दंडसुद्धा ज्यांच्या वाट्याला येऊ शकत नव्हता असे कामगार होते. विणकामाच्या खात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून बाहेर काढावा लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागणार, म्हणून विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला होता. कापडाच्या राजधानीत कापड विणायची बंदी! डॉक्टरसाहेब स्वतः परळच्या पोयबावाडीत, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत बरीच वर्षं राहिले. हे सगळं ते खिडकीतून पाहत नव्हते, त्यात राहत होते.

इथून आपल्याला महाडला जायला हवं. सरळ रस्ता आहे, कारण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत काम करणारी बरीच माणसं कुलाबा-रत्नागिरीकडचीच. डिसेंबर १९२७. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर बाबासाहेब जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले, ते भाषण मात्र कमी वाचलं जातं. त्यात ते लुगड्याबद्दल बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमची लुगडं नेसायची तऱ्हा हीच तुमच्या अस्पृश्यतेची साक्ष झाली आहे, ती पुसून टाका. वरच्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, त्याला काही पैसा पडत नाही. गळ्यातल्या माळांचे ढीग आणि कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने उतरवा. घालायचाच तर एखादा सोन्याचा घाला, नाहीतर नको. आणि स्वच्छता राखा.

'त्याला पैसा पडत नाही' हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कारण इथे बजेटचा प्रश्न उलटा होतो. लुगडं तेच, लांबी तीच, किंमत तीच. ते गुडघ्यापर्यंत नेसायचं की घोट्यापर्यंत, हे ठरवणारा पैसा नव्हता. गाव ठरवत होतं. त्या परिषदेच्या हकिगतींत असं येतं की बायकांनी नेसणं लगेच बदललं, आणि चळवळीत साथ देणाऱ्या टिपणीस, चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना हात दिला. एका मुक्कामात लुगडं चार बोटं खाली आलं. काही अभ्यासक विचारतात की वरच्यांसारखं नेसा म्हणणं म्हणजे त्यांचाच कित्ता गिरवणं नाही का? विचारण्याजोगा प्रश्न आहे. पण ज्या बाईला रस्त्यावर लुगड्याच्या उंचीवरून ओळखून बाजूला व्हायला सांगत होते, तिच्या बाजूनं पाहिलं तर ओळख पुसता येणं हीच आधी मोठी गोष्ट होती, असं आम्हाला वाटतं.

आणि गाव ठरवत होतं हे आम्ही अंदाजानं म्हणत नाही. महाडला जेमतेम आठवडा उलटला होता. ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर संस्थानातली एक बातमी आली. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरच्या आपल्या पुस्तकात ती घेतली. इंदूर म्हणजे होळकरांचं राज्य, आपल्याला काही परकं नाही. तिथल्या गावांतल्या सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना कलमवार फर्मावलं: जरीकाठी पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने आणि भपकेदार कपडे घालायचे नाहीत. याशिवाय फुकटची कामं होतीच. बलाई नाही म्हणाले. मग विहिरी बंद, गुरांना चराई बंद, शेतातून जायची वाट बंद, उभ्या पिकांत जनावरं सोडली. दरबाराकडे अर्ज केले, वेळेवर दाद लागली नाही; शेकडो माणसं बायकापोरांसकट गाव सोडून गेली. भांडण कशावरून? धोतराच्या काठावरून. म्हणजे ज्याला परवडत होतं, त्यालाही नेसायची परवानगी नव्हती.

आता पुन्हा त्या ९.६ च्या आकड्याकडे या. गिरणगावात गावाहून आलेला माणूस, कुठल्याही जातीचा असो, त्यानं कापडाला जे पैसे घातले त्यात काय काय होतं, ते आता वेगळं दिसायला लागतं. मुंबईत जात सुटली नव्हती. चाळींतही वस्त्या जातवार होत्या, नळावर भांडणं होत होती, विणकाम खात्याचं तर आत्ताच सांगितलं. पण इथल्या रस्त्यावर, ट्रामच्या कडेनं जाताना, धोतराचा काठ कुठल्या रंगाचा आहे हे विचारणारा पाटील नव्हता. ती मोकळीक मिळवायला महिन्याचे पाचेक रुपये लागत होते. अहवाल लिहिणाऱ्यांना त्याचं नाव 'कपडालत्ता' एवढंच माहीत होतं, आणि त्यांच्या रकान्यात ते बरोबरही होतं.

बाबासाहेबांच्या सुटाबद्दलही लोक अजून विचारतात. गरिबांचा पुढारी आणि सुटाबुटात? ज्या काळी इंदुरात काठाच्या धोतरावरून माणसं गावाबाहेर जात होती, त्या काळात पोयबावाडीच्या चाळीचा जिना उतरणारा तो सूट पाहणाऱ्या शेजाऱ्यांना हा प्रश्न पडला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कापडाचं पुन्हा दुर्भिक्ष झालं. १९४३ साली कापडावर कंट्रोल आला, ताक्यावर किंमत छापायची सक्ती झाली, आणि काळ्या बाजारात त्या छापाकडे कुणी पाहिनासं झालं. तेव्हा दंड, ठिगळ, उलटी कॉलर हे सगळं मध्यमवर्गीय घरांतही आलं. त्या पिढीच्या आठवणींत याचं कौतुक पुष्कळ सापडतं. पण पांढरपेशा घरात तो चार वर्षांचा अडचणीचा काळ होता. ज्या घरांत तो कायमचा होता, तिथे या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. म्हणून श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या घरी आजीची गोधडी असेल तर ती धुवायला टाकण्याआधी एकदा उजेडात धरा आणि आतले थर मोजा. कुठल्या लुगड्याचा काठ आहे, कुठे गिरणीचा शिक्का अजून पुसट दिसतो, कुठे दंडाची शिवण आहे, ते लिहून आम्हाला पाठवा. फोटो असेल तर उत्तम. पुढच्या वेळी आपण खानावळीत बसू. त्या ६०३ एकट्या पुरुषांच्या जेवणाचा हिशेब अजून बाकी आहे.