टॉवर उभा राहण्याआधी हवेचा हिशेब

मुंबईत जुनी चाळ किंवा चार मजली इमारत पाडून तेथे टॉवर उभारण्याचा प्रस्ताव आला, की चर्चा चटईक्षेत्र, पार्किंग आणि पर्यायी घराचे भाडे यांभोवती फिरते. बांधकामाच्या काळात शेजाऱ्यांनी कोणत्या हवेत श्वास घ्यायचा, हा प्रश्न बहुधा पहिला डंपर गल्लीत शिरल्यावरच सुचतो. मोठ्या प्रकल्पाच्या बाबतीत तोवर त्याचे उत्तर पर्यावरण मंजुरीच्या अर्जात लिहून झालेले असते.

बांधकाम प्रकल्पांना ही मंजुरी प्रथम जुलै २००४ मध्ये लागू झाली. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने त्यासाठी २० हजार चौरस मीटर बांधकाम क्षेत्राची मर्यादा घातली. राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती प्रस्ताव तपासते आणि राज्य प्राधिकरण मंजुरी देते. याच अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून मात्र वगळले. मोठ्या कारखान्याशेजारच्या गावाला आपले म्हणणे मांडण्याची जी संधी मिळते, ती टॉवरशेजारच्या चाळीला मिळत नाही.

मूल्यांकनाची सुरुवात असलेल्या हवेच्या मोजणीने होते. धूलिकण (पीएम १० व पीएम २.५), सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचे नमुने घेतले जातात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती अवघी ५ सुचविली. मोजणी कोणत्या महिन्यांत झाली, हे तारखांवरून पाहणे अगत्याचे असते. पावसाळ्यात धूळ धुऊन जाते. हिवाळ्यात वारे मंदावतात आणि धूळ जमिनीलगत कोंडते. या आकड्यांत जनरेटर, वाढीव वाहने आणि बांधकामाची भर किती पडेल, याचे गणित वाऱ्याची दिशा व वेग धरून संगणकीय प्रारूपाद्वारे मांडले जाते.

खरी गोम येथेच आहे. प्रत्येक अर्ज प्रामुख्याने आपल्याच भूखंडापुरता हिशेब देतो. एकाच रस्त्यावर तीन पुनर्विकास प्रकल्प सुरू असतील, तर श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसात तिन्हींची धूळ जाते. अर्जात मात्र ती बेरीज क्वचितच नीट उतरते. २० हजार चौरस मीटरच्या आतील प्रकल्पांना तर हा अर्जच करावा लागत नाही. पाडकाम, राडारोड्याची वाहतूक आणि उघडी वाळू ही धुळीची मुख्य उगमस्थाने लहान प्रकल्पांतही असतातच. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या बांधकामाभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे, हिरव्या कापडाचे आच्छादन आणि पाण्याची फवारणी बंधनकारक केली, ती याच कारणाने.

हवामान बदलाचा हिशेब याहून लांब पल्ल्याचा असतो. प्रकल्पामुळे परिसरात उष्णता साठेल काय आणि बांधकाम साहित्य तयार करताना किती ऊर्जा लागली, असे प्रश्न २००६ च्या अधिसूचनेसोबतच्या नमुन्यातच होते. सिमेंट बनविताना शुद्ध चुनखडी भाजली, तर तिच्या वजनाच्या ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड केवळ रासायनिक क्रियेने बाहेर पडतो. इंधनाचा धूर वेगळाच. हे उत्सर्जन रहिवासी घरात पाऊल टाकण्यापूर्वीच होऊन गेलेले असते.

नंतर येते वीज. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा, ३०० सदनिकांनी वर्षाला प्रत्येकी ३ हजार युनिट वापरले, तर ते उत्सर्जन ६३० टन होते, तेही दरवर्षी. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालणारी ‘इको निवास संहिता’ केंद्राने २०१८ मध्ये आणली. पश्चिमेकडील काचेच्या भिंतीला बाहेरून सावली आहे किंवा कसे, एवढे आराखड्यात पाहिले तरी एअर कंडिशनरवर पडणाऱ्या भाराचा अंदाज येतो.

मंजुरीनंतर विकासकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल देणे २००६ च्या अधिसूचनेत अपेक्षित होते. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज ठरविण्यात आले असून, संबंधित प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास कोणाही नागरिकाला प्रत देण्याची तरतूद करण्यात आली. मूळ अर्जातील धुळीचे आकडे आणि काम सुरू झाल्यानंतरचे आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सोय त्यामुळे शेजाऱ्यांना मिळते.