देवाचा हात आणि सोलापूरचे डोळे

गेल्या वेळी आपण प्रत्यक्ष प्रमाणाबद्दल बोललो. आज त्याचं एक उदाहरण पाहू.

२२ जून १९८६. विश्वचषकात अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर दुपारचे बारा, सोलापुरात रात्रीचे साडेअकरा. सामने भर उन्हात ठेवले होते, कारण युरोपात ते संध्याकाळी दिसायला हवे होते. आपल्या वाट्याला जागरण आलं. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्याकडे आम्ही सगळे सतरंजीवर बसलो होतो.

५१व्या मिनिटाला माराडोनाने हाताने गोल केला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासेर यांना हात दिसला नाही. पहिल्यांदा आम्हालाही दिसला नव्हता. पडद्यावर पुन्हा दाखवलं, तेव्हा आमचा एक विद्यार्थी ओरडला, "सर, ही तर चोरी आहे!" मागून कुणी म्हणालं, "असू दे. इंग्रजांनी काय कमी चोरलं?" सगळे हसले.

इथे थांबून विचार करू. मैदानावरच्या लाखभर लोकांपेक्षा, खुद्द पंचांपेक्षा, आपल्याला जास्त दिसलं. विश्वचषकात पंचांसमोर पडदा यायला २०१८ उजाडलं. पण स्पष्ट दिसूनही आपला निवाडा न्याय्य झाला का? या गावाने १९३०चा मार्शल लॉ सोसला, चार हुतात्मे दिले. आपण चित्र पाहत होतो ते त्या आठवणीतून.

आणि तर्कशास्त्र शिकवणारे आम्ही? आम्हीही हसलो होतो.