व्हॅलीचे मैदान आणि मतपेटी
दक्षिण लंडनमधील चार्लटन ॲथलेटिक या फुटबॉल क्लबने सप्टेंबर १९८५ मध्ये जागेच्या मालकीचा वाद व सुरक्षेच्या कारणास्तव 'व्हॅली' हे आपले मैदान सोडले आणि तो क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू झाला. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय समजण्याजोगा होता. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातील सामन्यास 'घरचा सामना' म्हणणे मात्र समर्थकांना मान्य नव्हते. परतीची योजना ग्रीनिच परिषदेने जानेवारी १९९० मध्ये फेटाळताच त्यांनी 'व्हॅली पार्टी' स्थापून मे महिन्यातील स्थानिक निवडणूक लढविली. जागा एकही मिळाली नाही, मते मात्र १४,८३८ पडली. इतक्या मतदारांची नाराजी कोणत्या परिषदेस परवडणार? पुढे योजना मंजूर झाली. ५ डिसेंबर १९९२ रोजी चार्लटनने व्हॅलीवर पोर्ट्समथला १-० असे नमविले.