खैरागड आणि चांदा : अठरा दिवसांचे सख्य

१/ नाट्य-संगीतात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे म्हटले की आपल्याला पुणे-मुंबई आठवते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कलावंताला मात्र एक कला-विद्यापीठ याहून कितीतरी जवळ होते, पूर्वेकडे. ते आपल्या नकाशाबाहेर कसे गेले, त्याची ही कथा. 🧵

२/ १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा होत होता. त्याच दिवशी खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. राजा वीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ आपला राजवाडाच त्यासाठी दिला.

३/ त्या दिवशी खैरागड आणि चांदा जिल्हा एकाच राज्यात होते : जुना मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, खैरागड नव्या मध्य प्रदेशात राहिले. सख्य अवघे अठरा दिवसांचे ठरले. (गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो १९८२ साली.)

४/ पुढे महाराष्ट्राने आपल्या संस्था उभारल्या. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३ ची. दोन्ही राज्याच्या दुसऱ्या टोकाला. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ आले तेच २०११ मध्ये.

५/ म्हणून येथे कला थांबली होती काय? मुळीच नाही. दंडार आणि खडीगंमत यांच्या भूमीत झाडीपट्टी रंगभूमी बहरली. धान घरात आले की दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रंगते. वडसा हे या व्यवसायाचे केंद्र.

६/ कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी याच मंचावर सुमारे ५,००० प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इतके प्रयोग कोणता अभ्यासक्रम करवून घेईल?

७/ खरा पेच वेळापत्रकाचा आहे. हंगाम दिवाळी ते होळी, आणि महाविद्यालयीन वर्षाचा ऐन मध्यही तोच. एम. ए.साठी दूर जाणारा तरुण नट सलग दोन हंगामांच्या कमाईला मुकतो. घरी राहणारा रोज रात्री शिकतो. पण अध्यापकाच्या पदासाठी अर्ज करताना ते शिक्षण सहसा पदवीची जागा घेत नाही.

८/ मग पदवी निरर्थक का? नव्हे. मंचावर कमावलेली विद्या पाहून आणि ऐकूनच पुढे जाते. संहितांच्या वह्या वाळवीच्या तोंडी जातात, जुन्या नटांबरोबर चाली व लकबी लोपतात. त्या जपण्यास संशोधनाची शिस्त लागते. आणि झाडीबोली ज्याच्या कानात आहे, त्यालाच ते काम नीट साधेल.

९/ १९५६ ची सीमारेषा पुसता येणार नाही. परंतु झाडीपट्टीचा इतिहास झाडीपट्टीच्याच मुलाने लिहावा, हे आजही शक्य आहे. तुमच्या गावी जुन्या नाटकाची वही, हस्तपत्रक किंवा छायाचित्र असेल, तर आधी त्याची प्रत करून ठेवा. पुढच्या कुणाच्या तरी प्रबंधाचे पहिले साधन तेच असेल.