नशीबवान डिव्हिजन

जर्मन सैन्याची 71 वी पायदळ डिव्हिजन ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध अगदी तोंडावर आले असताना, हिल्डेसहाइम परिसरात उभी राहिली. लोअर सॅक्सनीतल्या राखीव सैनिकांना बोलावून ती भरण्यात आली. 191, 194 आणि 211 या तीन पायदळ रेजिमेंटा, तोफखाना, सुमारे 15 हजार माणसे आणि 5 हजारांच्या आसपास घोडे, असा तिचा पसारा. जर्मन फौज म्हटली की रणगाडे डोळ्यांपुढे येतात. पण तिचे बहुतेक पायदळ अखेरपर्यंत पायीच चालले आणि त्याच्या तोफा घोड्यांनीच ओढल्या. चार पानांचे क्लोव्हर हे या डिव्हिजनचे चिन्ह. जर्मन लोकसमजुतीत ते सुदैवाचे लक्षण आहे. डिव्हिजनचे टोपणनावही ‘नशीबवान डिव्हिजन’ असेच होते.

पहिल्या वर्षी ते शोभलेही. मे 1940 मध्ये फ्रान्सच्या मॅजिनो तटबंदीच्या टोकावरचा ला फेर्तेचा छोटा किल्ला तिने घेतला. भुयारांत कोंडलेले शंभरावर फ्रेंच सैनिक गुदमरून मेले. एकही वाचला नाही. 15 जूनला व्हर्दून पडले. 1916 मध्ये दहा महिने रक्त सांडूनही हे शहर जर्मनांच्या हाती लागले नव्हते.

1941 मध्ये डिव्हिजन युक्रेनमध्ये शिरली आणि कीव्हच्या लढाईत उतरली. सप्टेंबरात शहर पडले. महिनाअखेरीस दोन दिवसांत तिथल्या बाबी यार घळीत 33,771 ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. हे काम एसएस आणि पोलिसांच्या तुकड्यांचे, पण ही डिव्हिजन ज्या सहाव्या सेनेत होती तिच्याच ताब्यात शहर होते आणि त्या सेनेचे सहकार्य या तुकड्यांना मिळाले. सैन्य केवळ लढत होते, ही युद्धानंतर रुजलेली समजूत म्हणूनच टिकत नाही.

पश्चिमेकडे काही महिने विश्रांती आणि भरती झाल्यावर, 1942 च्या उन्हाळ्यात ती पुन्हा पूर्वेला, सहाव्या सेनेतच दाखल झाली. सप्टेंबरच्या मध्यावर तिच्या तुकड्या स्टालिनग्राडच्या मध्यवर्ती भागात घुसल्या. सोव्हिएत सेनापती रॉदिमत्सेव्हची 13 वी गार्ड्स डिव्हिजन रात्रीतून व्होल्गा ओलांडून त्यांच्यासमोर उभी ठाकली. मुख्य रेल्वे स्टेशन किती वेळा इकडून तिकडे गेले, याची मोजदाद कठीण. नोव्हेंबरात सोव्हिएत फौजांनी वेढा आवळला आणि शहराचा मधला भाग राखणारी डिव्हिजन तिथेच अडकली. रसद विमानातून येईल हे आश्वासन होते. भाकरीचा तुकडा मात्र दिवसेंदिवस लहान होत गेला.

26 जानेवारी 1943 रोजी डिव्हिजनचा सेनापती अलेक्झांडर फॉन हार्टमन रेल्वेच्या बांधावर उघड्यावर उभा राहून रायफल चालवू लागला आणि गोळी लागून मेला. शरण जाणे आणि आत्महत्या या दोन्हींतून सुटायला त्याने शोधलेली ही वाट असावी. त्याच्या जागी फ्रिड्रिश रॉस्के आला. रॉस्केचे ठाणे उनिव्हेरमाग या मोठ्या दुकानाच्या तळघरात होते आणि शेवटच्या दिवसांत सहाव्या सेनेचा प्रमुख फील्ड मार्शल पाउलुस तिथेच आसऱ्याला होता. 31 जानेवारीला सोव्हिएत अधिकारी आले, तेव्हा बोलणी रॉस्केने केली. पाउलुस बाजूच्या खोलीत राहिला.

डिव्हिजन संपली, पण तिचा क्रमांक संपला नाही. 1943 च्या वसंतात डेन्मार्कमध्ये विल्हेल्म रापके याच्या हाताखाली त्याच नावाने नवी डिव्हिजन उभी राहिली. सप्टेंबरात इटलीने शस्त्रे ठेवताच तिने त्रिएस्तेच्या बाजूला इटालियन सैनिकांना नि:शस्त्र केले, आणि 1944 च्या आरंभी ती मोन्ते कासिनोच्या आघाडीवर पोचली. मे महिन्यात गारिल्यानो नदीजवळच्या डोंगरांत जनरल ज्वँ यांच्या फ्रेंच कोअरने तिला फोडले. ज्या वाटा चढण्याजोग्या नाहीत असे जर्मनांना वाटे, त्यांवरून मोरोक्कन आणि अल्जीरियन सैनिक वर आले. 13 मे रोजी मोन्ते मायो हा डोंगर पडला. मित्रराष्ट्रांच्या त्याच चढाईत उत्तरेला गारी नदी ओलांडणाऱ्या 8 व्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती.

पुढे एड्रियाटिक किनाऱ्यावर माघारीच्या लढाया, मग हंगेरी. मे 1945 मध्ये उरलेल्यांनी ऑस्ट्रियात ब्रिटिशांपुढे शस्त्रे ठेवली. रॉस्के सोव्हिएत कैदेतून सुटून जर्मनीत परतला, तो 1955 मध्ये.